मणक्यात ‘गॅप’ आलाय, ऑपरेशन करून टाकू का?

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी यावल तालुक्यातला शेतकरी, वय ४३. चार एकर केळी आहे आणि दोन म्हशी, सकाळी दूध मीच काढतो आणि गाडीवर कॅन बांधून डेअरीला पण मीच नेतो. दोन वर्षांपासून कंबर दुखते, या सहा महिन्यात फार वाढलंय, सकाळी तर भिंत धरून उठावं लागतं. कधी कधी उजव्या मांडीपर्यंत कळ जाते, त्याच्या खाली नाही. एमआरआय काढला त्यात एल४-एल५ आणि एल५-एस१ या डिस्क डिजनरेट झाल्यात, बल्ज आहे असं लिहिलंय. मोठ्या शहरातले एक डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आलाय, स्क्रू टाकून मणके जोडावे लागतील, साडेतीन लाख खर्च, आणि नाही केलं तर पुढे लकवा मारू शकतो. दुसरे डॉक्टर म्हणाले काही गरज नाही, व्यायाम करा. माझ्या शालकाचं मणक्याचं ऑपरेशन झालं, तो आज ट्रॅक्टर चालवतो. आमच्या गल्लीतल्या काकांचं झालं, ते अजून काठी घेऊन फिरतात. घरात दोन तट पडलेत. केळी कापणीच्या आधी काय तो निर्णय घ्यायचाय. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी लकव्याचं सांगते, कारण तुमची झोप कंबरेपेक्षा त्या शब्दानेच उडाली असणार. मेंदूतून पाठीत उतरणारा जो जाड मज्जारज्जू असतो तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली नुसत्या सुट्या नसा असतात, घोड्याच्या शेपटीसारख्या. तुमच्या झिजलेल्या दोन्ही डिस्क, म्हणजे मणक्यांमधल्या सगळ्यात खालच्या दोन गाद्या, त्याच्याही खाली आहेत. तिथे एखादी नस दबू शकते, पावलाची ताकद जाऊ शकते, क्वचित लघवी अडकू शकते, ते सगळं खरं आहे आणि त्याच्यावर मी पुढे बोलणारच आहे, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात यातलं एकही लक्षण नाही. गुडघ्याखाली कळ नाही, मुंग्या नाहीत, पाय लुळा पडत नाही. आज ऑपरेशन केलं नाही म्हणून एखाद्या सकाळी उठाल आणि पाय हलणारच नाहीत असं होत नसतं. ही भीती डोक्यातून काढा, भीतीपोटी घेतलेला निर्णय मी फार वेळा फसलेला बघितलाय.

आता ‘गॅप’. आपल्याकडे जळगावपासून नंदुरबारपर्यंत कोणालाही विचारा, कंबर दुखते म्हणजे मणक्यात गॅप आलाय. पेशंट हाताची दोन बोटं लांब करून दाखवतात, एवढा गॅप आलाय मॅडम. ऐकणाऱ्याला वाटतं हाडं एकमेकांपासून सुटली, आता ती स्क्रूनेच आवळायला पाहिजेत. खरं तर झालेलं असतं उलटं. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते तिच्यात आत जेलीसारखा मऊ भाग आणि बाहेरून दोरखंडासारखी चिवट वेटोळी असतात, वय वाढतं तसं त्या जेलीतलं पाणी कमी होतं, गादी चपटी होते आणि एक्स-रेत मधली जागा कमी झालेली दिसते. म्हणजे गॅप आलेला नाही, गॅप कमी झालाय. रिपोर्टमध्ये ‘डिसिकेशन’ हा शब्द असेल तर त्याचाही अर्थ एवढाच की गादी कोरडी झाली.

आणि ही गादी कोणाची कोरडी होत नाही? ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन वेगवेगळ्या ३३ अभ्यासांमधून एकत्र करून २०१५ मध्ये बघितले गेले, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्क झिजलेल्या, चाळिशीत ६८ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. बल्ज, म्हणजे गादी थोडी बाहेर फुगणं, म्हणाल तर चाळिशीतल्या निम्म्या लोकांना. काहीच न दुखणारे हे लोक. तुमच्या वयाच्या दहा धडधाकट माणसांना केळीच्या मळ्यातून उचलून एमआरआय मशीनमध्ये घातलं तर सहा-सात जणांच्या रिपोर्टमध्ये तुमच्यासारखीच झीज दिसेल. फिनलंडमध्ये जुळ्या भावांवर अभ्यास झाला, एक जड काम करणारा आणि दुसरा बसून काम करणारा अशा जोड्या, तरी दोघांच्या डिस्क जवळजवळ सारख्याच झिजलेल्या, म्हणजे यात घराण्याचा वाटा कामापेक्षा मोठा. म्हणून मी नेहमी सांगते, फोटोचं ऑपरेशन करू नका. फोटो आणि दुखणं एकमेकांशी जुळतंय का ते तपासणारा डॉक्टर पाहिजे, जो तुम्हाला टेबलावर झोपवून पाय उचलून बघेल, अंगठ्याची ताकद बघेल, टाचांवर आणि चवड्यांवर चालवेल. तुमच्या पत्रात मी तेच शोधत होते की कोणी तुम्हाला चालवून बघितलं का, आणि त्याचा उल्लेख नाहीये.

शालक आणि काका यांच्याबद्दल. माझा अंदाज आहे की शालकाला कंबरेपेक्षा पायातली कळ जास्त होती, पोटरीतून पावलापर्यंत जाणारी, रात्री झोपू न देणारी. एकदा विचारून बघा. डिस्कचा तुकडा बाहेर येऊन नस दबली असेल तर तो तुकडा काढायचं ऑपरेशन असतं, त्यात स्क्रू नसतो, पेशंट बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी चालतो आणि पायाची कळ पटकन थांबते, ते चांगलं ऑपरेशन आहे. हॉलंडमध्ये २८३ पेशंटवर याचा अभ्यास झाला, २००७ मध्ये छापून आला, ज्यांनी लवकर ऑपरेशन केलं ते लवकर बरे झाले पण वर्षाच्या शेवटी थांबलेले आणि ऑपरेशन केलेले दोन्हीकडचे लोक सारखेच बरे होते, थांबलेल्यातल्या साधारण ३९ टक्के लोकांनी मात्र मध्येच कळ सहन न होऊन ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे तिथे प्रश्न किती सहन होतंय आणि किती दिवस घरी बसणं परवडतंय याचा असतो.

तुम्हाला सांगितलेलं ऑपरेशन ते नाही. तुमचं दुखणं मुख्यतः कंबरेचं आणि सांगितलंय मणके जोडायचं, फ्यूजन. नुसत्या झिजलेल्या डिस्कच्या कंबरदुखीसाठी फ्यूजनचा निकाल इतका स्पष्ट कधीच आलेला नाही. स्वीडनमध्ये २००१ साली ते साध्या फिजिओथेरपीपेक्षा बरं ठरलं, पण नॉर्वेमध्ये २००३ ला आणि ब्रिटनमध्ये २००५ ला जेव्हा त्याची तुलना नीट, रोज, तासन्‌तास करून घेतलेल्या व्यायामाशी आणि मनातली भीती घालवण्याशी केली तेव्हा दोन्हीकडे फरक जवळजवळ उरलाच नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शनात २०१६ पासून साध्या कंबरदुखीला फ्यूजन देऊ नका असंच लिहिलंय. शिवाय दोन मणके जोडले की तिथली हालचाल बंद होते, तिचा ताण वरच्या डिस्कवर जातो आणि काही वर्षांनी ती कुरकुरायला लागू शकते. तुम्ही ४३ चे आहात, अजून निदान वीस वर्षं शेती करायचीय.

तुम्हाला वाटेल ही बाई ऑपरेशनच्या विरोधात आहे. नाही हो. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. कंबर धरली की उसण भरली म्हणायचे, आजी गल्लीतल्या पायाळू माणसाला बोलवायची, तो पाठीत लाथ मारायचा आणि चहा पिऊन जायचा. एकदा कळ थेट पावलात उतरली, पंधरा दिवस शेक, तेल, लाथ, सगळं झालं. मग कळ कमी झाली म्हणून घरात सगळे खूश. मी तेव्हा दहावीत होते. वडील अंगणातून घरात आले आणि डाव्या पायातली चप्पल मागे अंगणातच राहिलेली, आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. मीच ती उचलून आणून दिली, दोन-तीनदा असंच झालं, आम्ही हसलो. पाऊल वर उचलणारी नस मरत होती आणि म्हणूनच कळ कमी झाली होती हे मला मेडिकलला गेल्यावर समजलं. ऑपरेशन झालं पण उशिरा, पाऊल शेवटपर्यंत घासतच राहिलं आणि स्टिअरिंग कायमचं सुटलं. तेव्हा ज्याला गरज आहे त्याने एक दिवस उशीर करू नये आणि ज्याला नाही त्याने जमीन गहाण टाकून करू नये, मला दोन्हीची सारखीच काळजी वाटते.

तुमच्या बाबतीत माझं मत सरळ आहे, आत्ता फ्यूजन करू नका, आधी तीन महिने मनापासून द्या. मनापासून म्हणजे काय ते सांगते, कारण व्यायाम करा असं सांगून चिठ्ठी हातात देणं म्हणजे काहीच सांगितलं नाही असं होतं. तुमची सुरुवात म्हशीपासून करायची. रात्रभर आडवं असताना डिस्क पाणी शोषून फुगते, सकाळी आपली उंचीसुद्धा सेंटिमीटरभर जास्त असते, अशा टम्म भरलेल्या गादीला पहिल्या तासात पुढे वाकवलं की तिच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. आणि तुम्ही काय करता, पाच वाजता अंथरुणातून उठून थेट म्हशीखाली उकिडवे बसता, गुडघ्यात बादली धरून अर्धा तास वाकलेले, आणि लगेच भरलेले कॅन उचलून गाडीला बांधता. भिंत धरून उठावं लागतं त्यात याचा मोठा हात असणार. उठल्यावर आधी वीस मिनिटं मळ्याच्या बांधावर चाला, मग दूध काढा, बसायला वीतभर उंचीचा पाट नाहीतर स्टूल घ्या, तीन महिने घरातल्या दुसऱ्या कोणी दूध काढलं तर फार उत्तम. कॅन अर्धे भरा आणि दोन खेपा करा, पेट्रोल जाईल थोडं, जाऊ द्या.

व्यायाम एका चांगल्या फिजिओकडून समोर करून शिका, मोबाईलवर बघून नको. उताणं झोपून कंबर उचलायची, हातापायांवर ओणवं होऊन उलटा हात आणि पाय लांब करायचा, पालथं झोपून हातांवर छाती उचलायची, यातलं तुम्हाला काय मानवतं ते तो बघेल. ओझं उचलायचं तर कंबरेतून कमान न करता खुब्यातून वाकून आणि घड अंगाशी घेऊन, केळीचा घड पंचवीस किलोचा असतो आणि हात लांब करून धरला तर कंबरेला तो कितीतरी पट जड पडतो. सुरुवातीला व्यायामाने थोडं दुखेल, ते नुकसानीचं दुखणं नसतं. झोपून राहू नका, एक-दोन दिवसांच्या वर आराम केला की पाठीचे स्नायूच सुकतात. आणि मेडिकलवाल्याकडून आणलेल्या दुखीच्या गोळ्या रोज रोज नको, किडनी जाऊ शकते, पुडीतली औषधं तर अजिबात नको, त्यात स्टेरॉईड असू शकतं. तंबाखू खात असाल तर तो सोडा, निकोटीनने डिस्कचं पोषण कमी होतं आणि पुढे कधी फ्यूजन करायची वेळ आलीच तर हाड नीट न जुळण्याचा धोका वाढतो.

तीन महिन्यांनी काही फरक पडला नाही, झोप होत नाही, काम होत नाही, तर मग पुन्हा सर्जनकडे जा, तेव्हा ऑपरेशनचा विचार करणं चूक नाही. तेव्हा दोन वेगवेगळ्या सर्जनना एकच विचारा की माझं कंबरेचं दुखणं कमी होणार की पायाचं, किती कमी होणार, आणि आणखी सहा महिने थांबलो तर माझं काय बिघडेल. जो डॉक्टर या तीन प्रश्नांना चिडत नाही त्याच्याकडे करा. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मदत आहे, तुमचं ऑपरेशन आणि ते हॉस्पिटल त्यात बसतं का हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. धुळे आणि जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजलाही दुसरं मत मिळू शकतं. कापणीचा आणि ऑपरेशनचा संबंध मात्र जोडू नका, कापणीला माणसं लावा.

प्रश्न : मॅडम, मी भुसावळहून. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही पायात पाच दिवसांपासून कळ आहे. काल दुपारपासून लघवीला जोर करावा लागतो, थेंब थेंब होते, बसायच्या जागी हात लावला तर कळत नाही म्हणतात. लाजेने कोणाला सांगू देत नाहीत. एखादी गोळी सांगा.

उत्तर : या ताईंचा मेसेज रात्री नऊला आला आणि मी तो अंकासाठी ठेवला नाही, लगेच फोन केला. घोड्याच्या शेपटीसारख्या नसा म्हटलं ना वर, त्या सगळ्याच्या सगळ्या एकदम दबल्या की हे होतं. याच्यावर गोळी नसते, शेक नसतो, उद्या सकाळीसुद्धा नसते. त्याच रात्री गाडी करून जा म्हटलं, हातात फाईल नाही तर नाही. रात्री एमआरआय झाला, पहाटे ऑपरेशन झालं. त्यांच्या परवानगीने छापतेय. पायात ताकद येतेय, लघवीची नळी अजून आहे, ती कधी निघेल हे आत्ता सांगता येत नाही. आदल्या दिवशी दुपारी लघवी अडकली तेव्हाच निघाले असते तर त्या नसांवरचा दाब निदान एक दिवस आधी सुटला असता. बैठकीची जागा बधिर होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, दोन्ही पाय एकदम ढिले पडणं किंवा पाऊल लटकणं, यातलं काहीही झालं तर मला लिहू नका. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि लाज न धरता हेच शब्द सांगा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, शुगर आहे. यंदा सारंगखेड्याच्या यात्रेत पाच मिनिटं चालली की पाय जड व्हायचे, भरून यायचे, पायरीवर बसली की दोन मिनिटात बरं. कंबर फार दुखत नाही. एमआरआयमध्ये कॅनल स्टेनोसिस आहे. या वयात ऑपरेशन झेपेल का? (शहादा)

उत्तर : हे दुखणं वरच्या भाऊंपेक्षा वेगळं आहे. आईची नसांची वाट अरुंद झालीय, उभं राहून चालताना ती आणखी आवळते आणि बसलं, पुढे वाकलं की मोकळी होते. घरात ओट्याला रेलून उभ्या राहिल्या किंवा कशाला तरी टेकून पुढे वाकून चालल्या तर जास्त वेळ जमतं का ते बघा, जमत असेल तर निदान पक्कं होत जातं. पण आधी पावलांची नाडी तपासून घ्या, शुगरवाल्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या आवळल्या तरी चालताना असंच होतं, आणि तेव्हा बसलं काय आणि नुसतं उभं राहिलं काय, दोन्हीने आराम पडतो. आई उभी राहून थांबली तर बरं वाटतं का, एवढं एक निरखून ठेवा. बी-१२ पण तपासा, विशेषतः आई शाकाहारी असेल तर.

वयाला घाबरू नका. चालणं दिवसेंदिवस कमी होत असेल तर नस मोकळी करायचं ऑपरेशन या वयातही चांगला आराम देतं, शुगर तीन महिन्यांची सरासरी आटोक्यात आणून, हृदय तपासून. स्क्रू मात्र प्रत्येकाला लागत नाही. स्वीडनच्या २०१६ च्या अभ्यासात नुसती नस मोकळी केलेले आणि वरून मणके जोडलेले पेशंट दोन वर्षांनी सारखेच चालत होते. तेव्हा स्क्रू कशासाठी लागणार हे विचारा, मणका पुढेमागे सरकतोय म्हणून लागणार असं उत्तर आलं तर वाकून काढलेला एक्स-रे दाखवायला सांगा. आणि आईला विचारा की तिला किती चालायचंय. अंगणापासून देवळापर्यंत पुरतं असं ती म्हणाली आणि तेवढं होतंय तर घाई कशाला.

प्रश्न : मी धुळ्यात दुकानात दिवसभर उभा असतो. कंबरेचा पट्टा कायम लावला तर चालेल का?

उत्तर : कायम नको. पट्टा स्नायूंचं काम स्वतः करतो आणि स्नायू आळशी होतात. साक्रीकडचे एक आजोबा माझ्याकडे आले होते, “मनी कंबर दुखस” म्हणाले आणि सदरा वर केला तर पट्ट्याचे वळ उठलेले, दोन वर्षं झोपतानासुद्धा काढला नव्हता. दुकानात माल उतरवायच्या तासाभरात लावा, लांबच्या प्रवासात लावा, बाकी वेळ खुंटीला. पायाखाली वीतभर उंच फळी ठेवा आणि दर दहा मिनिटांनी एक पाय वर, मग दुसरा, उभ्या कामाला पट्ट्यापेक्षा हे बरं पडतं.